येसर आमटी आणि माझं पत्रक

आई कामाला जायची ती जागा बाहेरून हॉटेल वाटायची नाही. नव्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे पूर्वी सरकीची पोती ठेवायचं एक गोदाम होतं. पत्र्याचं छप्पर, एक शटर, शटरवर पाटी नाही. आत सहा शेगड्या, दोन मोठे फ्रीज, भांडी घासायची मोरी आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं ठेवलेले चार मोबाइल. एकेक मोबाइल म्हणजे एकेक हॉटेल. एकात बिर्याणीचं नाव, दुसऱ्यात चायनीजचं, तिसऱ्यात पोळी-भाजीच्या डब्यांचं. चौथ्यात अस्सल मराठवाडी घरगुती जेवण मिळायचं, आणि त्या हॉटेलाला दिलेलं नाव म्हणजे एखाद्या बड्या वतनदार घराण्याचं वाटावं असं आडनाव. अ‍ॅपवर नावाशेजारी चित्र होतं: नऊवारी, ठसठशीत नथ, हातात पितळी पळी. मालकाच्या सात पिढ्यांत ते आडनाव कुणाचं नव्हतं. त्यानं ते कानाला बरं वाटलं म्हणून निवडलं होतं.

"काकू, नाव असं पाहिजे की वाचूनच भूक लागली पाहिजे," तो आईला म्हणाला होता.

तो पुण्यात हॉटेलचं शिक्षण घेऊन आलेला, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. बायकांना मोरीच्या बाजूला बसायला बाक त्यानं करून घेतला, पगार चुकवला नाही, कुणाला अरे-तुरे केलं नाही. चार हॉटेलांचा स्वयंपाक आठ बायका आणि बिर्याणीचे एक चाचा मिळून करायचे. आठांपैकी पाच जणी आमच्या वस्तीतल्या, म्हणजे बौद्ध. घरगुती जेवणाची शेगडी आईकडे होती आणि तिच्या शेजारी भाकरी थापायला मानवतकडच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातल्या मावशी.

मालक त्या जागेला क्लाउड किचन म्हणायचा. माझे वडील ढगातलं स्वयंपाकघर म्हणायचे. "रांधणाऱ्याला खाणारा दिसत नाही, खाणाऱ्याला रांधणारा दिसत नाही. ढगच की!"

वडील छापखान्यात होते. आधी खिळे जुळवायचे, संगणक आल्यावर कागद कापायचे, शेवटी फ्लेक्स आले आणि छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं पोत्यानं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. जयंतीची पत्रकं, मोर्चाची, वसतिगृहाच्या मागणीची, कुठल्या गावात कुणाला मारलं त्याच्या निषेधाची. शाळेतल्या निबंधातसुद्धा माझं 'पाऊस' या विषयावरचं पहिलं वाक्य "बंधूंनो आणि भगिनींनो" असं होतं. पत्रकाला एकच गोष्ट येते, मोठ्यानं खरं सांगणं. कुणाला विचारून सांगायचं, हे मी वाचलेल्या एकाही पत्रकात नव्हतं.

आई त्या गोदामात जायच्या आधी एका शाळेत खिचडी शिजवायची. वर्षभरात निम्मी पोरं घरून डबे आणायला लागली. कुणी काही बोललं नाही. नंतर कागद आला की जेवणारी पोरं कमी झाल्यामुळे एक बाई कमी करण्यात येत आहे, आणि ती एक बाई आई होती. त्या वेळीही पत्रक निघालं. वडिलांनीच छापलं. चांगलं पत्रक होतं, मला त्यातली वाक्यं अजून पाठ आहेत. आईला ते काम परत मिळालं नाही.

म्हणून गोदामातलं काम लागलं तेव्हा तिनं आम्हाला एकच गोष्ट सांगितली. "हितं कुणी कुणाला बघत न्हाई. लय बेस हाय."

परभणीत गेल्या काही वर्षांत खाण्याचं जे झालं ते बघितलेलं नसेल तर आईचं हे सुख कळायचं नाही. माझ्या लहानपणी बाहेरचं खाणं म्हणजे स्टँडवरची मिसळ, नाहीतर कुणी दवाखान्यात असलं की नाइलाजानं आणलेली पुरी-भाजी. आता वसमत रोडला संध्याकाळी रांगेनं दिवे लागतात. कॅफे, फॅमिली रेस्टॉरंट, शेतात टाकलेल्या बाजांवर बसून चुलीवरचं खायची ठिकाणं. खेड्यात ज्यांच्या घरात गॅस आला ते चुलीवरचं खायला गाडी काढून शहरात येतात. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी खोलीवर पार्सल मागवतात, कृषी विद्यापीठातले साहेब मागवतात, दोघंही नोकरी करणारे नवरा-बायको मागवतात. वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर खाद्यसेवा क्षेत्राच्या वाढीच्या बातम्या येतात आणि त्यांच्याबरोबर वर जाणारा बाण. त्या बाणाच्या खाली कुठेतरी माझी आई येसर ढवळत उभी होती.

येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाला वेगवेगळा भाजून केलेलं पीठ. त्याची आमटी आमच्याकडे लग्नाकार्यात असते, भाकरी चुरून खायची. प्रत्येक घराचं येसर वेगळं. आईच्या येसरात धने जास्त असतात आणि खोबरं जवळजवळ काळं होईपर्यंत भाजलेलं असतं. ती ते तिच्या आईकडून शिकली आणि तिची आई दुसऱ्यांच्या लग्नात, मांडवाबाहेर उभं राहून, नुसत्या वासावरून. अ‍ॅपवर त्या चौथ्या हॉटेलातला सगळ्यात जास्त मागवला जाणारा पदार्थ हाच होता.

रविवारी सकाळी आईची सुट्टी असायची. ती केस विंचरत बसायची आणि मी मोबाइलवर लोकांनी दिलेले तारे आणि लिहिलेल्या ओळी वाचून दाखवायचे.

"हे बघ. 'खानदानी चव.' पाच तारे."

"फुडं."

"'आमच्या आजीची आठवण आली.' पाच."

"कुणाची आजी म्हणं?"

"कुण्या तरी कुलकर्ण्यांची नाहीतर देशपांड्यांची असंल, मला काय माहीत."

आई हसून हसून कंगवा खाली ठेवायची. "त्या म्हातारीला सपनात बी आलं नसंल!" हे हसू तिला पुरत होतं. मला पुरत नव्हतं.

मग मालकाचा सत्कार झाला. शहरातल्या हॉटेलवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी एका मंगल कार्यालयात दुपारचा कार्यक्रम ठेवला होता, तरुण उद्योजकांचा गौरव वगैरे. जेवण त्याच्याच किचनचं. आई आणि मावशी सकाळपासून मागच्या शेडमध्ये होत्या. मी आईला तिचं औषध द्यायला गेले आणि मागच्या रांगेत बसले. छत्रपती संभाजीनगरहून आलेल्या एका पाहुण्यानं पडद्यावर तोच बाण दाखवला. देश आता घरी रांधणार नाही म्हणाला, छोट्या शहरांत खरी भूक आहे म्हणाला, लोक चव विकत घेत नाहीत तर गोष्ट विकत घेतात म्हणाला. मग मालक उठला. त्यानं गोष्ट सांगितली. त्याच्या पणजीची एक वही होती. त्या वहीत येसराचं माप होतं. ते माप जसंच्या तसं पाळलं जातं.

टाळ्या पडल्या. पाठीमागच्या दारातून मला आई दिसत होती. ती मोठ्या पातेल्यातून वाढायच्या बादल्या भरत होती, पदर कमरेला खोचलेला, डोक्याला ती प्लास्टिकची टोपी. टाळ्या कशाच्या हे तिला ऐकूही आलं नसावं.

जेवताना माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ बोटं चाटत म्हणाले, "घराण्याचं जेवण ते घराण्याचंच. कुणीही उठून करील का हे?"

मी ताट तसंच ठेवून उठले. घरी चालत आले आणि चहा न घेता लिहायला बसले.

ते पत्रक मला आजही चांगलं वाटतं, हे कबूल करते. त्यात एक वाक्यही खोटं नव्हतं. मी लिहिलं की शहरातल्या मोठमोठ्या घरांनी ज्या येसर आमटीला पाच तारे दिले ती मोंढ्याच्या मागच्या गोदामात पाच बौद्ध बायकांच्या हातची आहे. ज्या हातांच्या खिचडीला तुमची पोरं नाक मुरडत होती त्याच हातांचं तुम्ही बोटं चाटून खाल्लंत आणि तुम्हाला काहीही झालं नाही. आता तरी म्हणा, चव जातीत नसते. शेवटी ठळक अक्षरांत: हे तारे आमचे आहेत, आमच्या नावावर द्या.

वडिलांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. म्हणाले, "हे माझ्याच्यानं झालं नसतं." आयुष्यात त्यांनी माझी केलेली ती सगळ्यात मोठी स्तुती. त्यांनीच ओळखीच्या छापखान्यातून निळ्या कागदावर दोन गठ्ठे छापून आणले. जयंती जवळ आली होती, वस्तीत माणसांची ये-जा होती. दोन दिवसांत पत्रक सगळीकडे गेलं. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो मोबाइलमधून कुठे कुठे गेला त्याचा पत्ता नाही.

आईला आम्ही दाखवलं नव्हतं. मला तिला चकित करायचं होतं. एखादं बक्षीस नेऊन हातात द्यावं तसं.

तिला ते पार्सल नेणाऱ्या एका माणसानं दाखवलं, शेगडीपाशी. दुपारी ती घरी आली तीच ते हातात घेऊन.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"ह्याच्यात मी कोणती?"

"नाव नाही घातलं कुणाचं."

"नाव न्हाई घातलं म्हणं. पाच बाया, येसर, मोंढ्याच्या मागं. आजून काय ऱ्हायलं? रेशन कार्डाचा नंबर?"

"आई, खोटं काय आहे त्यात?"

"खोटं हाय म्हणले का मी? मला इचारलं का, हे म्हणायले."

वडील मध्ये पडले. म्हणाले, चळवळीत असं विचारत बसलं तर काही होत नाही. आईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "यकदा तुमी छापलं. आता हिनं छापलं. रांधायला मात्र मीच." मग ती न जेवता पुन्हा कामावर गेली, कारण संध्याकाळच्या डब्यांची कणीक तिच्याकडे होती.

मला शिव्यांची अपेक्षा होती. शिव्यांना उत्तर देता येतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. शिव्या आल्याच नाहीत. अ‍ॅपवर ओळी यायला लागल्या. मी त्या एकटीनं वाचल्या.

'पूर्वीसारखी चव राहिली नाही.' एक तारा.

'आमटीला कसला तरी वास.' एक.

'स्वच्छतेबद्दल शंका येते.' दोन.

'घराण्याच्या नावाखाली ग्राहकांची फसवणूक.' एक.

हात तोच, येसर त्याच डब्यातलं, खोबरं तितकंच काळं. आणि एका आठवड्यात शहराच्या जिभेला वास यायला लागला. एकानंही जातीचा शब्द लिहिला नव्हता. एका बाईंची आधीची ओळ मला आठवत होती, आजीची आठवण आल्याची. त्याच बाईंनी आता लिहिलं होतं, 'केस निघाला.' आईच्या डोक्याला टोपी असते. मी ते वाचून मोबाइल भिंतीवर मारला. काच फुटली, ओळी दिसतच राहिल्या.

मालकानं पाचही जणींना बोलावलं, खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि सांगितलं, थोडे दिवस घरी थांबा. इतर तिघी आणि चाचा राहिले. बिर्याणी आणि चायनीजच्या मोबाइलवर काही फरक पडला नव्हता.

मी त्याच्याकडे गेले. तो गोदामाबाहेर खुर्ची टाकून बसला होता, डोळे सुजलेले. मला वाटलं होतं तो चिडेल.

"ताई, बसा. तुम्ही मला जातीयवादी म्हणायला आला असाल तर म्हणा. मी जात मानत नाही. मी मार्केट मानतो."

"मग मार्केटला सांगा ना, की हो, याच बायका करतात. परवापर्यंत तुम्ही खातच होता."

"परवापर्यंत त्यांना माहीत नव्हतं."

"म्हणजे चवीचा प्रश्नच नाही."

"चव मी विकतच नाही, ताई. निश्चिंती विकतो. माणूस दिवसभर राबून घरी येतो, त्याला डोकं बंद करून जेवायचं असतं. तुम्ही त्याचं डोकं चालू केलंत."

"आणि पणजीची वही?"

"माझी पणजी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती," तो म्हणाला. "ती दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. ते सांगितलं तर कोण मागवेल?"

मी उठले. परत येताना रस्ताभर मी यावरचं वाक्य शोधत होते.

चळवळीतल्या लोकांनी माझी पाठ थोपटली. निषेध करू म्हणाले, मोर्चा काढू म्हणाले. मी म्हटलं, मोर्चा राहू द्या, रोज थोड्या जणांनी त्या हॉटेलातून जेवण मागवा, म्हणजे मालकाला कळेल. दोन दिवस मागवलं. तिसऱ्या दिवशी आमच्याच वस्तीतले एक शिक्षक मला म्हणाले, "अगं, येसर तर आपल्या घरातच असतं. बाहेरून कशाला मागवायचं?" पुढे जयंतीची तयारी सुरू झाली. मिरवणुकीत माझ्या पत्रकातली शेवटची ओळ कुणीतरी फलकावर लिहून आणली होती. आई दारात उभी होती. फलक समोरून गेला तशी ती आत गेली.

पाचांपैकी एकीनं मोंढ्यात धान्य निवडायचं काम धरलं, एक लेकीकडे सेलूला गेली. बाकी दोघी माझ्याशी बोलेनात. नळावर मी गेले की त्या घागरी उचलायच्या. आई बोलायची, पण कामापुरतं. सकाळी उठायची, अंघोळ करायची, कामावर जायची साडी नेसायची आणि नऊ वाजता ती बदलून पुन्हा जुनी नेसायची. महिनाभर मी हे बघितलं.

मग एक दिवस दुपारी मावशी आल्या, त्याच, आईच्या शेजारी भाकरी थापणाऱ्या. उन्हानं तोंड लाल झालेलं. दोन वर्षं दोघींनी एका डब्यातलं खाल्लं होतं, पण आमच्या घरी त्या कधी आल्या नव्हत्या. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात घेतला, क्षणभर धरून ठेवला आणि घटाघटा प्यायल्या.

"बघतीस काय पोरी? मला म्हाईत व्हतंच की तुमी कोण ते. खाताना म्हाईत व्हतं. पर ते माझ्यात अन् तुझ्या आईत व्हतं. आता गावात मला इचारायलेत, तू बी त्यायच्यातलंच खातीस का म्हणून. सासऱ्यानं येगळं ताट दिलंय मला, म्हाईत हाय का? तुझ्या कागदानं."

आई म्हणाली, "लेकराला बोलू नगा, वैनी. कामाचं बोला."

कामाचं असं होतं. येसर मावशींना जमत नव्हतं. मालकाला आई परत पाहिजे होती, बाकी दोघींनाही घ्यायला तयार होता. फक्त लोकांना एक कागद दाखवावा लागेल. पत्रक जिनं काढलं तिच्या सहीचा.

"काय लिहायचं त्यात?" मी विचारलं.

मावशींनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "वही आण."

मी म्हटलं, "मी हे लिहिणार नाही."

"बरं. मग तू जाय भाकरी थापायला मोंढ्यामागं. मी पत्रक काढते."

वडील बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. ते आत आले नाहीत. मी वाट बघितली की ते येतील आणि म्हणतील, लिहू नको. ते खोकले आणि पायात चप्पल सरकवून गल्लीत निघून गेले.

मी वही आणली. आई जमिनीवर, भिंतीला टेकून बसली. ती सांगत गेली आणि मी तिची बोली छापील मराठीत घालत गेले. पत्रकात लिहिलेली माहिती ऐकीव होती. मी खातरजमा केली नव्हती. सदर किचनमधील स्वयंपाकाशी आमच्या वस्तीतील महिलांचा संबंध नाही.

"मग तिथं जातात कशाला, असं कुणी विचारलं तर?" मी म्हटलं. मला वाटलं, इथे ती अडेल.

ती अडली नाही. बहुतेक तिनं तो महिना यातच घालवला होता. "लिही. ह्या बाया फकस्त भांडे घासतेत."

मी लिहिलं, 'या महिला तेथे इतर कामे करतात.'

"वाच."

मी वाचलं.

"इतर न्हाई. भांडे लिही. इतर म्हणलं की लोक इचार करतेत."

मी इतर खोडून भांडी लिहिलं. खाडाखोड दिसू नये म्हणून तिनं मला तो कागद नव्यानं लिहायला लावला. मी सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मावशींनी कागद फुंकर मारून वाळवला, घडी करून पिशवीत ठेवला आणि आईला म्हणाल्या, "चला अक्का, चारचे डबे हायेत." आईनं साडी बदलली. दोघी एका रिक्षातून गेल्या.

कागदाचा फोटो माझं पत्रक जिथे जिथे गेलं होतं तिथे तिथे गेला. लोकांना तो पटला. भांडी घासणारी बाई त्यांच्या ओळखीची होती. पंधरा दिवसांत तारे होते तिथे आले. अ‍ॅपवरचं चित्र बदलून मालकानं खरा फोटो टाकला: मावशी, नऊवारीत, भाड्यानं आणलेली नथ घालून, आईच्या शेगडीपाशी. पातेल्यात आमटी आईची होती. फोटो काढताना तिला बाजूला व्हायला सांगितलं, आणि ती झाली. हे मला मावशींनी सांगितलं, आईनं नाही. रविवारी मी मोबाइल काढला तर आई म्हणाली, डोळे दुखायलेत.

ते काम पुढे आठ महिने टिकलं. धंदा वाढला, नांदेडला दुसरं किचन निघालं, आणि दोन्हीकडे चव एकसारखी पाहिजे म्हणून मालकानं आईला येसराचं माप विचारलं. तिनं मूठ, ओंजळ, चिमूट असं सांगितलं. त्यानं वजनकाटा आणला, ती मूठ भरायची आणि तो आकडा लिहायचा. दोन दुपारी हे चाललं. त्यानंतर बाहेरच्या एका कंपनीनं मालकाची चारही नावं घेतली, तो पगारी माणूस झाला, आणि येसर कुठल्याशा कारखान्यातून सीलबंद पाकिटात यायला लागलं. पाकिटावर मावशींचा फोटो आहे. पाकीट फोडून पाण्यात उकळवायला आठ बायका लागत नाहीत. दोन लागतात, आणि त्या कंपनीनं आपल्या आणल्या. मावशींनाही काढलं. त्या गावी आहेत. पाकीट मानवतच्या दुकानात मिळतं, सासऱ्यानं एकदा आणलं होतं म्हणाल्या.

आई आता सकाळच्या गाडीनं सेलूला जाते. एका मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकात कांदे चिरते, भाज्या निवडते. तिथला आचारी तिला शेगडीजवळ येऊ देत नाही. तो सगळ्यांनाच येऊ देत नाही, ती म्हणते. मी आणखी विचारत नाही.

हे सगळं लिहावं की नाही, याचा मी वर्षभर विचार केला. या वेळी आधी तिला विचारलं. ती गाडीवरून नुकतीच आली होती, बोटांना कांद्याचा वास, ओट्यावर पाय सोडून बसली होती. मी म्हटलं, त्या किचनचं लिहू का? नावं घालणार नाही. कुणाचं काम आता जायचं राहिलेलं नाही.

ती पायाला लागलेली धूळ हातानं झाडत राहिली.

"लिही," ती म्हणाली. "पर मी भांडे घासत नव्हते. ते पैलं लिही."